पाडव्याचं श्रीखंड, सुंठीचं पाणी आणि ‘माझी प्रकृती कफाची आहे’

होळी झाली की आमच्या दवाखान्यात नाक शिंकरणाऱ्यांची रांग लागते, आणि त्याच सुमाराला तुमच्या पत्रांचा ढीगही वाढतो. यावेळी आलेल्या प्रश्नांपैकी निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीभोवती फिरतायत, वसंत ऋतू आणि कफ. काही प्रश्न अगदी सारखे होते ते एकत्र केलेत, आणि कुणाची नावं छापत नाहीये, निवांत वाचा.

ताई, मी 29 वर्षांची आहे, पुण्यात आयटीत आहे. एका अ‍ॅपवर प्रकृतीची टेस्ट दिली तर 62 टक्के कफ आला. वसंतात कफ प्रकृतीवाल्यांनी प्रकृती बॅलन्स करायलाच हवी असं त्यात लिहिलंय. मला खरंच सकाळी उठवत नाही, अंग जड वाटतं, नाक चोंदलेलं, दोन महिन्यांत तीन किलो वजन वाढलंय. काय खाऊ, काय सोडू? आणि प्रकृती बॅलन्स व्हायला साधारण किती दिवस लागतात?

अगं, आधी ते 62 टक्के विसर. प्रकृती आईच्या पोटात असतानाच ठरते आणि जन्मभर तीच राहते, ती बॅलन्स करायची भानगडच नाही. तुझा आवाज जाडा आहे की बारीक, केस दाट आहेत की विरळ, तसंच ते. बिघडतो तो दोष, म्हणजे वात, पित्त किंवा कफ, आणि तो कुठल्याही प्रकृतीच्या माणसात बिघडू शकतो. माझ्याकडे अगदी काटकुळे, कोरड्या त्वचेचे, अखंड बडबड करणारे, म्हणजे पाहताक्षणी वाताचे वाटावेत असे लोकसुद्धा मार्चमध्ये छातीत कफ भरून येतात. त्यामुळे प्रश्न ‘मी कोण आहे’ हा नसून ‘हा महिना कुठला आहे आणि मी गेले तीन महिने काय खाल्लं’ हा आहे.

आता असं बघ, खोबरेल तेलाची बाटली आठव. जानेवारीत ती उलटी धरून आपटली तरी थेंब पडत नाही आणि मार्च उजाडला की तीच बाटली कपाटात ठेवल्या ठेवल्या पातळ होते, आपण काही केलेलं नसतं. थंडीत आपण डिंकाचे लाडू खातो, तिळगूळ खातो, बाजरीच्या भाकरीवर लोण्याचा गोळा घेतो, भूकही सणसणीत लागते आणि ते सगळं पचतंही, पण त्यातला जास्तीचा कफ साठून राहतो, थिजलेला असतो म्हणून तेव्हा त्रास देत नाही. फाल्गुनात ऊन चढायला लागलं की तो वितळतो. आणि वितळून पहिलं काम काय करतो तर पोटातल्या अग्नीवर पाणी ओततो. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात ऋतुचर्येचा अध्याय आहे, त्यात हेच सांगितलंय, शिशिरात साठलेला कफ वसंतातल्या सूर्याने तापून अग्नी मंद करतो आणि मग रोग होतात. म्हणजे नाक गळणं ही नंतरची गोष्ट झाली, आधी भूक गेलेली असते. तू पत्रात भुकेबद्दल एक शब्द लिहिलेला नाहीस. मला खात्री आहे की सकाळी भूक नसताना तू नाश्ता करतेस कारण ‘नाश्ता स्किप करायचा नसतो’.

तर पहिला बदल तोच. सकाळी खरी भूक लागेपर्यंत जड काही नको. एक लिटर पाण्यात पाव चमचा सुंठ टाकून पाच-सात मिनिटं उकळ, गाळ, थर्मासमध्ये भर आणि ऑफिसला ने, दिवसभर घोट घोट पी. सुंठ आवडत नसेल तर नागरमोथा टाकून उकळलेलं पाणी चालेल, काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो, वास मातकट असतो पण सवय होते.

जेवणात ज्वारीची भाकरी, मुगाचं पातळ वरण, कुळथाचं पिठलं, शेवग्याच्या शेंगा, पडवळ, कारलं, मेथी. भात हवाच असेल तर तांदूळ आधी कोरडे भाजून घे, हलका होतो. एक गोष्ट शहरात कुणी सांगत नाही ती म्हणजे याच दिवसांत नवा गहू बाजारात येतो आणि आपण कौतुकाने त्याच्या पोळ्या करतो, पण नवं धान्य पचायला जड, शास्त्र वसंतात जुनं धान्य खा म्हणतं. पूर्वी घराघरात जुनं धान्य संपवून मगच नवं काढायचे त्यात नुसती काटकसर नव्हती. सोडायचं काय तर रात्रीचं दही, पनीर, चीज, मिल्कशेक, आईस्क्रीम, आणि रात्री साडेदहाचं जेवण. हे शेवटचं सर्वात अवघड आहे हे मला माहितीये, तुमच्या त्या अमेरिकेबरोबरच्या मीटिंगा, पण मग आठला ऑफिसातच डब्यातली भाकरी-भाजी खाऊन घे आणि घरी आल्यावर नुसतं मुगाचं कढण पी.

व्यायाम हवाच, वसंतात तो औषधच आहे, पण अंगातल्या शक्तीच्या निम्माच करायचा. निम्मा झाला हे कळणार कसं? कपाळावर, नाकावर, काखेत घाम आला आणि तोंडाला कोरड पडायला लागली की थांबायचं. घड्याळात बघून एक तास पुरा करायचा नाही. आंघोळीआधी कुळथाचं पीठ आणि त्रिफळा चूर्ण एकत्र करून कोरडंच अंगाला चोळ, पायाकडून वर, पाच मिनिटं. बाथरूम खराब होतं, आई ओरडेल, पण अंगाचा जडपणा कमी होतो.

आणि तीन किलोंचं म्हणशील तर एकदा रक्ताची थायरॉईडची टेस्ट करून घे. अंग जड, झोप येते, वजन वाढतंय हे सगळंच्या सगळं कफाच्या नावावर टाकून मोकळं होऊ नकोस.

नमस्कार वैद्यबाई, मी साताऱ्याचा, वय 54. आमच्याकडे पाडव्याला पिढ्यान् पिढ्या श्रीखंड-पुरी असते. मुलगी यंदा म्हणते की आयुर्वेदात वसंतात दही खायला बंदी आहे, म्हणून श्रीखंड रद्द. मग आपले पूर्वज काय वेडे होते का?

मुलगी बरोबर आहे आणि पूर्वजही वेडे नव्हते, आता यातून मार्ग काढते.

चरक आणि वाग्भट दोघांनीही दही शरद, ग्रीष्म आणि वसंत या तीन ऋतूंत नको म्हटलंय, रात्री तर कुठल्याच ऋतूत नको. दही बाहेरून गार लागतं म्हणून आपल्याला ते उन्हाळ्याचं वाटतं, पण पोटात गेल्यावर ते उष्ण, आंबट आणि बुळबुळीत, कफ वाढवणारं. त्याचं पाणी काढून चक्का केला, साखर घोटली तर ते आणखी जड होतं, हलकं नाही. साखर घातलेल्या दह्याचा असाच एक पदार्थ ग्रंथांत ‘रसाला’ नावाने आहे आणि तो अंग भरणारा, ताकद वाढवणारा म्हणूनच सांगितलाय. म्हणजे बारीक माणसाला उत्तम, वसंतातल्या बंद नाकाला नाही.

पण पाडवा नुसत्या श्रीखंडाचा नव्हता हो. गुढी उभारली की आधी काय मिळायचं? माझी आई कडुलिंबाची कोवळी, अजून तांबूस असलेली पानं आणि फुलोरा आणायची, सोबत गूळ, चिंच, ओवा, जिरं, मिरी, हिंग, मीठ, आणि हे सगळं पाट्यावर वाटायची, आणि प्रत्येकाच्या तळहातावर बोराएवढी गोळी ठेवायची. माझा धाकटा भाऊ ती जिभेखाली लपवून न्हाणीघरात थुंकून यायचा. ती गोळी म्हणजे कफावरचा अख्खा बंदोबस्त आहे, कडू, तिखट, भूक वाढवणारं सगळं त्यात. आता आपण काय केलं, एक पान गुढीला लावलं, अर्धं पान दाताने चावल्यासारखं केलं आणि श्रीखंड मात्र वाटीचं डब्यावर नेलं.

मी स्वतःचीच फजिती सांगते. वैद्य झाल्यावरचा पहिला पाडवा, माहेरी, तीन वाट्या श्रीखंड, वर पुऱ्या, वर पंख्याखाली साडेपाचपर्यंत झोप. रात्री डोकं एवढं जड की उठवेना आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मी आणि पेशंट एकमेकांसमोर शिंकतोय. पेशंट म्हणाला, मॅडम, तुम्ही कुणाला दाखवता?

तेव्हा श्रीखंड रद्द करू नका, मुलीची समजूत काढा. सकाळी ती गोळी नीट चावून खा, नाश्ता करू नका, भूक लागली की दुपारी जेवा, एक वाटी श्रीखंड जेवणाच्या सुरुवातीला घ्या, त्यात जायफळ-वेलची हात सैल सोडून घाला, पुऱ्या मोजून, आणि झोपू नका. संध्याकाळी यवतेश्वरच्या घाटात चालून या. रात्री भूक असेल तर ताकाला सुंठ-जिरं लावून प्या, नाहीतर काही नको. एका वाटीने काही होत नाही, होतं ते फ्रीजमधल्या एक किलोच्या डब्याने, जो आपण पुढचे आठ दिवस रात्री पोळीशी संपवत बसतो.

मॅडम, मी नागपूरची. मागच्या वर्षी तुमचं वाचून चैत्रात सुंठीचं पाणी आणि कुळथाचं पिठलं सुरू केलं तर आठ दिवसांत छातीत जळजळ, तोंड आलं. असं का झालं?

चूक माझी, मी तेव्हा नीट लिहिलं नव्हतं. ग्रंथातला वसंत हा सौम्य ऋतू आहे, कोकिळा, मोहर, दक्षिणेकडून येणारा वारा, आणि तुमच्याकडे मार्च संपता संपता पारा चाळिशीला टेकतो, हा कसला वसंत, हा ग्रीष्मच झाला. विदर्भात कफाचा काळ माघाच्या शेवटापासून फाल्गुनापर्यंत धरायचा, सुंठ, कुळीथ, मिरी काय ती तेव्हाच. दुपारी घराबाहेर पाऊल ठेववेना झालं की ते बंद करून धने-जिऱ्याचं पाणी, मुगाचं वरण, ज्वारी, दुधी, आणि कैरीचं पन्हं गूळ घालून. कुळीथ तर चांगलाच उष्ण, आधीच पित्ताचा त्रास असणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊच नये, मूग घ्यावा.

आणि एका दिवसात हे सुरू, ते बंद असं करायचं नाही. जुन्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि नव्याचे पहिले सात याला ऋतुसंधी म्हणतात, त्या पंधरवड्यात जुनं थोडं थोडं सोडायचं आणि नवं थोडं थोडं धरायचं. जळजळ अजूनही होत असेल तर मात्र घरचे प्रयोग थांबवून जवळच्या डॉक्टरांना किंवा वैद्यांना दाखवा.

सकाळी गरम पाणी, मध, लिंबू. घ्यावं की नाही? (हा प्रश्न अकरा जणांचा आहे)

मध वसंतात उत्तम, ग्रंथात वसंतासाठी मधाचं पाणीच सांगितलंय. पण साधं पाणी, गरम नाही. मध गरम करायचा नाही, गरम पदार्थात घालायचा नाही, आयुर्वेद याबाबतीत फार कडक आहे. ज्यांना गरमच प्यायचंय त्यांनी सुंठीचं पाणी प्यावं. लिंबू आंबट, त्याची वसंतात रोज गरज नाही. मधुमेह असेल तर मध म्हणजे साखरच धरा, तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवायचा नाही, आजीने कितीही सांगितलं तरी नाही, त्यातून बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

मी ठाण्याचा, 41. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ‘एका दिवसात वासंतिक वमन, बॉडी डिटॉक्स’ अशी जाहिरात आलीय, चार-पाच मित्र मिळून जाणार आहेत. मला बीपीची गोळी चालू आहे. जाऊ का?

नाही. अजिबात नाही.

वमन वसंतातलं मुख्य पंचकर्म आहे हे खरं, कफ जिथे साठतो त्या आमाशयातून, म्हणजे जठरातून, तो वरच्या वाटेने, उलटी करवून काढायचा. पण ते एका दिवसाचं काम नाहीच. आधी नाडी, भूक, बीपी, हृदय, सगळं तपासून माणूस वमनाला योग्य आहे का ते ठरवायचं. मग तीन ते सात दिवस रोज सकाळी वाढत्या मात्रेत औषधी तूप प्यायला द्यायचं, रोज बघायचं की ते पचतंय का, त्वचेवर तुकतुकी आली का. मग अंगाला तेल, शेक, आणि वमनाच्या आदल्या दिवशी मुद्दाम दही-भात, उडीद वगैरे खायला घालून कफ सुटा करायचा (हो, इथे दही चालतं, चालतं कसलं, लागतंच). वमनाच्या दिवशी सकाळी पोटभर दूध किंवा ज्येष्ठमधाचा फांट (गरम पाण्यात भिजवून गाळलेलं पाणी), उलटी आणणारं गेळफळाचं औषध, आणि वैद्य शेजारी बसून उलटीचे किती वेग आले, शेवटी पित्त पडलं का, नाडी कशी आहे हे मोजत असतो. नंतर तीन ते सात दिवस आधी पेज, मग दाट पेज, मग मऊ खिचडी अशी भूक पायरीपायरीने वर आणायची, लहान निखारा फुंकर घालून पेटवतात तशी. हे सगळं धरलं तर पंधरा दिवस जातात. एका दिवसात करतात ती नुसती उलटी.

बीपी, हृदयरोग, अल्सर, गरोदरपण, फार म्हातारपण, फार अशक्तपणा यांत वमन करत नाहीत. तुम्ही सुंठीचं पाणी, रात्रीचं लवकर जेवण आणि चालणं एवढंच करा, गोळी चालू ठेवा. मित्रांनाही हे वाचायला द्या, ते ऐकणार नाहीत, पण द्या.

ताई, आम्ही मेलबर्नला असतो. इकडे गुढीपाडवा येतो तेव्हा शरद सुरू असतो, पानं गळत असतात. मी ऋतुचर्या पाळायची कशी, पंचांगाने की इथल्या हवेने? मुलाला दम्याचा त्रास आहे, सप्टेंबर ते नोव्हेंबर फार वाढतो.

हवेने. पंचांग सणासाठी, शरीर हवेसाठी. शास्त्रकारांचंही महिन्यांवर एकमत नाही, वाग्भट चैत्र-वैशाख म्हणतो आणि सुश्रुत दोषांचा हिशोब करताना फाल्गुन-चैत्र धरतो, कारण महिना ही खूण आहे, ऋतू नाही. झाडाला नवी पालवी फुटली, सकाळ गार आणि दुपार कोवळ्या उन्हाची झाली, घरातलं खोबरेल पातळ झालं की तुमचा वसंत. तो तुमच्याकडे सप्टेंबरात येतो, म्हणजे गणपती-नवरात्राच्या सुमाराला. तेव्हा मोदक जरा बेतानेच.

मुलाबद्दल मात्र गंभीरपणे सांगते. तुमच्या गावात 21 नोव्हेंबर 2016 ला वादळ आलं तेव्हा गवताचे परागकण हवेत फुटून पसरले आणि एका संध्याकाळी हजारो लोकांना दम लागला, दहा जण दगावले. हे सुंठीच्या पाण्याने अडवण्यासारखं प्रकरण नाही. डॉक्टरांनी दिलेला रोजचा इनहेलर ऋतू सुरू व्हायच्या आधीपासून नियमित हवा, दप्तरात दम लागल्यावर लगेच घ्यायचा निळा पंप हवा, वादळाच्या दिवशी खिडक्या बंद आणि मूल घरात. त्याच्या जोडीला त्या तीन महिन्यांत रात्री दूध-केळं, आईस्क्रीम, थंड ज्यूस बंद ठेवा, प्यायला कोमट पाणी द्या, रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं. इनहेलर बंद करून कुणी काढा सुचवला, मग तो वैद्य का असेना, तर त्याचं ऐकू नका.

आणि नाक धुवायला जलनेती करता असं तुम्ही पुढे लिहिलंय, तर नळाचं पाणी थेट वापरू नका, उकळून गार केलेलंच घ्या.

मी 72 वर्षांची, मुक्काम कोल्हापूर. दुपारी जेवले की तासभर आडवं झाल्याशिवाय मला करमत नाही. सून तुमचा लेख वाचून म्हणते, आई, वसंतात दुपारी झोपलं की कफ होतो. झोपू की नको?

काकू, सुनेला सांगा की दुपारच्या झोपेची बंदी धडधाकट माणसांना आहे, म्हातारी माणसं, लहान मुलं, आजारातून उठलेले, अशक्त यांना शास्त्रानेच सूट दिलीय. फक्त जेवल्या जेवल्या आडवं होऊ नका, अर्धा तास इकडेतिकडे करा. आणि अगदी सुनेचं मन राखायचंच असेल तर आरामखुर्चीत बसून डुलक्या काढा. बसल्या बसल्या काढलेली डुलकी अंगात कोरडेपणा आणत नाही आणि कफही करत नाही, असं वाग्भटानेच लिहून ठेवलंय, त्यामुळे तिला बोलायला जागा उरणार नाही.